हिमानीची कॅमरी

यतीनने जुनी का होईना, पण अस्सल इटालियन सायकल घेतली आणि घरातली शांतता गेली. "अख्खं वेस्ट विंडसर गाव कारने फिरतं आणि हा घट्ट चड्डी घालून ट्रकांच्या मधे शिरतो!" इति हिमानी, म्हणजे त्याची बायको. शेवटी तिने निकालच लावायचं ठरवलं. रविवारी ती कारने मागून येणार, स्वतःच्या डोळ्यांनी बघणार आणि जरा जरी धोका दिसला, तर सायकल विकायची. यतीनने कबूल केलं. करतो काय बिचारा!

त्याच्या सायकलच्या ग्रुपमध्ये पाच इटालियन म्हातारे आणि सगळ्यांच्या शेवटी यतीन. म्होरक्या व्हित्तोरिओ, वय सत्तर. बायको पाळतीवर आहे हे सांगायची यतीनला लाज वाटली. मागे हिमानीची कॅमरी कार, इंडिकेटर लुकलुकवत, बैलगाडीच्या चालीने.

व्हित्तोरिओने वळून पाहिलं आणि गडी असा खूश झाला म्हणता! इटलीत शर्यतीच्या वेळी सायकलवाल्यांच्या पाठोपाठ टीमची गाडी चालते. पाणी, खाणं, सुटं चाक, सगळं तिच्यात. त्याला वाटलं, या पोराने आपल्यासाठी चक्क टीमची गाडी आणली! तो मागे सरकत कारच्या खिडकीशी आला आणि चालत्या सायकलवरून हात पसरला.

हिमानी आधी दचकली. पण पुढे आलेला हात रिकामा पाठवणं तिला जमत नाही. शेजारच्या डब्यातला शेंगदाण्याचा लाडू तिने त्या हातावर ठेवला. मग काय, एकेक म्हातारा रांगेने खिडकीशी हजर!

तेवढ्यात एक पिकअप ट्रक हॉर्न बोंबलवत आला आणि यतीनला इतका खेटून गेला, की तो सायकलसकट गवतात. जीव वाचला याचं गड्याला काही नाही. हिमानीने पाहिलं, आता सायकल गेली, याचंच दुःख.

ट्रक पुढच्या सिग्नलला अडकला होता. हिमानी कारमधून उतरली, तरातरा गेली आणि त्याच्या काचेवर थापा मारत कडाडली, "डोळे फुटले का रे तुझे? माझा नवरा आहे तो! रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?" सगळं मराठीत. ड्रायव्हरने मुकाट्याने 'सॉरी मॅम' म्हटलं. मागे म्हाताऱ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

पुढे सगळे कॉफीला थांबले.

"मग... विकायची ना?" यतीनने विचारलं.

"कशाला?" हिमानी म्हणाली. "मी मागे असताना कोणाची हिंमत आहे? तो प्रश्नच नाही."

यतीनला तिला मिठीच मारावीशी वाटली.

"प्रश्न तुझा आहे," ती म्हणाली. "सत्तर वर्षांचे काका पुढे आणि माझा नवरा सगळ्यांत मागे! शरमेने मान खाली गेली माझी. उद्यापासून पहाटे उठायचं आणि रोज प्रॅक्टिस करायची. मी येतेय गाडी घेऊन."

व्हित्तोरिओला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण टीमच्या गाडीतला माणूस बोलतो तेव्हा ऐकायचं असतं, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने गंभीरपणे मान डोलावली.

आणि यतीनच्या मनात पहिल्यांदाच आलं, की विकूनच टाकावी ही सायकल.