मल्हारी दुसऱ्यांदा आडवा पडला

वालूरच्या मल्हारी धनगराची शीळ ऐकून सेलूची आगगाडीसुद्धा थांबायची, असं सांगतात. आगगाडीचं मी निम्मंच खरं धरतो. पण मेंढरं थांबायची, हे सोळा आणे खरं!

तो मल्हारी महिनाभर मेंढवाड्याशेजारी आडवा पडून होता. झोप नाही, भाकरीला चव नाही. पोलीस ॲक्शनच्या साली बाप वारला, तेव्हाही तो असाच पडला होता. चार महिन्यांनी उठला. तेव्हा लोक हळहळले. आता तीन सालांनी पुन्हा तेच, आणि कारण काहीच नाही!

"आता कोणचा बाप मेलाय रे?" थोरला भाऊ येडबा खेकसला. "मागं भंडारा लावून बरा केला की! हे निस्तं सोंग हाय."

"सोंगच आसंल, दादा. मी नसलेलाच बरा. हीर काय लांब न्हाई."

मल्हारीची बायको केवळाबाई उठून विहिरीच्या वाटेवर आडवी बसली.

तेवढ्यात कुत्रं भुंकलं. एक गाभण मेंढी खळग्यात उताणी पडून पाय झाडत होती. येडबानं धावत जाऊन तिला उभी केली आणि गुडघ्यांत धरून ठेवली.

"सोड की आता," म्हातारी चुलती बानूबाई म्हणाली.

"लगीच कशी सोडू, काकी? पायात बळ येऊ दे. न्हाईतर पुन्ना पडंल."

"परवा बी हीच पडली व्हती. सोंग करायलीय बघ!"

"मेंढी कुठं सोंग करती व्हय? येकदा पडलेली पुन्ना बी पडती. तिचा काय गुन्हा?"

बोलता बोलता येडबाची नजर मल्हारीकडं गेली.

"आरं येडबा, नावाला जागू नको! मेंढीचं कळतं आन् भावाचं न्हाई? मी तीनदा पडले. कारण येकदाच व्हतं. दुखणं हाय हे, मनाचं. तुझ्या काकानं मला येकटं सोडलं न्हाई, म्हणून आज उभी हाय!"

काठीनं लांडगा हाकलणारी बानूबाई! ती तीन वेळा त्या काळोखात जाऊन परत आली होती! जेजुरीच्या गडाकडं बघावं, तसे सगळे तिच्याकडं बघत राहिले.

येडबा भावाच्या उशाशी बसला. "चुकलो रं मल्हारी. उद्या परभणीच्या दवाखान्यात जाऊ. तवर मी हितून हालत न्हाई."

"हे दुखणं कुणाला एकदाच होतं, कुणाला फिरून फिरून," दुसऱ्या दिवशी परभणीचे डॉक्टर म्हणाले. "झोप उडताच इकडं आणा. एकटं ठेवू नका."

मल्हारी सावकाश सावरला. दोन सालांनी त्याची झोप पुन्हा उडाली, तेव्हा कुणी काही बोलायच्या आत येडबानंच गाडी जुंपली!

वाचकहो, अशा माणसाला कारण विचारत बसू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला डॉक्टरकडं न्या. आणि दुखणं पुन्हा आलं, तर तुमची मायाही पुन्हा येऊ द्या!