तानाबाईचं कार्ड

तीस वर्षं शाळेत शिकवलं आणि स्वतः शिकले काय, तर कागदावर विश्वास ठेवायला. माणसावर ठेवायचं राहूनच गेलं.

यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू मंगळवार पेठेतल्या आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये मीच ठेवलं. एका दवाखान्याची माणसं आली होती. वाण म्हणून स्टीलचा डबा देणार होती. त्याबदल्यात प्रत्येकीनं आरोग्य विम्याचं कार्ड दाखवायचं, अंगठा द्यायचा आणि मोबाइलवर आलेला नंबर सांगायचा. कार्ड चालू आहे का ते तपासतो, म्हणाले. फुकट ते पौष्टिक! बायका लगेच रांगेत उभ्या राहिल्या.

आमच्याकडे दूध घालणारी तानाबाई तेवढी अडून बसली. मला वाचता येत नाही, मग आलेला नंबर परक्याला कशाला सांगू, असं तिचं म्हणणं. मी तिला सगळ्यांदेखत झापलं. सवाष्णीनं वाण नाकारू नये, आणि मी काय तुला खड्ड्यात घालणार आहे का, असं विचारलं. तेव्हा तिनं कार्ड माझ्या हातात दिलं. नंबरही मीच वाचून सांगितला. पुढारपणाची हौस दांडगी ना माझी.

एप्रिलमध्ये एका सकाळी ती पोट धरूनच दारात आली. उजव्या कुशीत कळ येत होती. मी तिला रिक्षात घालून जवळच्याच एका वेगळ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं कार्डाचा नंबर टाकला आणि म्हणाला, हिचं अपेंडिक्स तर फेब्रुवारीतच काढलंय.

"न्हाई काढलं," तानाबाई म्हणाली. "माजं प्वाट हाय, मला ठावं न्हाई व्हय?"

पोटावर कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनचा जुना व्रण होता. डॉक्टर एकदा व्रणाकडे, एकदा पडद्याकडे बघत राहिला. मग त्यानं मला विचारलं, खरंच ऑपरेशन झालंय का हिचं. फेब्रुवारीत तानाबाई आठ दिवस आली नव्हती. भाचीच्या लग्नाला मलकापूरला गेलते, असं तिनं सांगितलं होतं. माझ्या शहाण्या डोक्यानं लगेच गणित मांडलं. गिऱ्हाइकं तुटू नयेत म्हणून हिनं ऑपरेशन लपवलं.

"लिहिलंय म्हणजे झालंच असेल," मी म्हणाले.

तानाबाईनं माझ्याकडे पाहिलं आणि पोटावरचा पदर सारखा केला. डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या आणि घरी पाठवलं.

तिसऱ्या दिवशी तिचा मुलगा ऋतुराज तिला बेशुद्धावस्थेत दुसऱ्या दवाखान्यात घेऊन गेला. अपेंडिक्स फुटून पू पोटभर पसरला होता. संध्याकाळी ती गेली. पुढे पोलिसांच्या तपासात कळलं, की वाण वाटणाऱ्या त्या माणसांनी पेठेतल्या एकवीस बायकांच्या नावावर खोटी ऑपरेशनं दाखवून विम्याचे पैसे उचलले होते.

दिवस झाल्यावर मी ऋतुराजला भेटायला गेले. कार्ड तिच्याकडून मीच घेतलं, दवाखान्यातही मीच बोलले, सगळं सांगून टाकलं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दुसऱ्या दिवशी मी तिला परत दवाखान्यात न्हेत हुतो, बाई," तो म्हणाला. "आईच नगं म्हणाली. म्हणाली, काढलं असंल रं माजं कवातरी, मलाच कळलं नसंल. बाई वाचून सांगत्यात, त्या खोटं कशाला सांगतील."