सतरावा रकाना

“आई, सतरावा रकाना,” सून म्हणाली. “‘आपल्या उपचारकेंद्रात उपचारादरम्यान कोणास इजा झाली आहे काय? असल्यास तपशील द्यावा.’ ‘निरंक’ लिहिते.”

“थांब जरा.”

“आता काय राहिलं?”

“एकतीस वर्षं माणसांना सुया टोचतेय मी. निरंक कशी असेन?”

सुनेनं पेन खाली ठेवलं. जेवणाच्या टेबलावर अर्जाची नऊ पानं पसरली होती आणि पंख्यानं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर मिठाची बरणी ठेवली होती. सून पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कामाला. कुठला अर्ज कुठल्या टेबलावर किती दिवस झोपतो, हे तिला तोंडपाठ होतं.

“माझं ऐका, आई. तिथं शेकडो अर्ज आलेत. सगळ्यांनी निरंकच लिहिलंय. तुमचा एकटा ‘होय’वाला निघाला, तर तो कारकून काय करणार? गठ्ठ्यातून बाजूला काढणार. आणि एकदा बाजूला काढलेला कागद परत गठ्ठ्यात जात नाही.”

सगळी गल्ली ज्यांना सुईवाल्या बाई म्हणायची, त्या ह्या. घराची पुढची खोली, तिच्यात दोन खाटा, मधे एक निळा पडदा, आणि केसाइतक्या बारीक सुया. एवढ्या संसारावर बाईंनी किती पाठी सरळ केल्या, किती डोकेदुख्या उतरवल्या, ह्याची मोजदाद कुणी ठेवली नव्हती. आता नवा कायदा आला होता. ॲक्युपंक्चर करणाऱ्या प्रत्येकाची सरकारी परिषदेकडे नोंदणी हवी. नोंदणी नाही, तर सुईला हात लावायचा नाही. जुन्या लोकांना पदवीची अट नव्हती, अनुभव चालणार होता. पण अर्ज महिनाअखेरीच्या आत जायला हवा होता.

बाईंना कायद्याचा राग नव्हता. “बरंच झालं,” त्या म्हणाल्या होत्या. “केस कापायला परवाना लागतो, आणि आम्हाला नको?”

“बरं, सांगा,” सून म्हणाली. “कुणाला काय झालं?”

“त्या निवृत्त मास्तरीणबाई आठवतात? त्यांच्या टाळूवरची एक सुई काढायची राहिली.”

“मग?”

“मग त्या बसमध्ये चढल्या.”

सुनेनं ओठ दाबले.

“हसू नकोस. टोचल्या अकरा, आणि ताटलीत दहा. मी अनवाणी धावले. बस सिग्नलला अडकली म्हणून बरं. आत शिरले, तर ह्या खिडकीशी बसलेल्या, डोक्यावर सुई उभी, आणि शेजारचा माणूस बिचारा अंग चोरून बसलेला. मी हळूच काढली. तर मला म्हणतात, तरीच म्हटलं आज एवढं शांत कसं वाटतंय.”

आता सून हसली, बाईही हसल्या, टेबल हलेपर्यंत दोघी हसल्या.

“ही काय इजा झाली?” सून डोळे पुसत म्हणाली. “ही सोडा.”

“सोडली. पण रंगारी सोडता येत नाही.”

ही सून घरात यायच्या आधीची गोष्ट. सुई काढावी तशी, न वळवता, सरळ बाईंनी ती सांगितली. छतं रंगवून रंगवून त्या रंगाऱ्याचा उजवा खांदा धरला होता. खांद्याच्या माथ्यावरची सुई जरा खोल गेली. तो खाटेवरून उठला, चपला घातल्या, बरं वाटतंय म्हणाला. घराचे दोन जिने चढेपर्यंत त्याला धाप लागली. फुप्फुसाला भोक पडलं होतं, छातीत हवा साठली होती. इस्पितळात बरगड्यांमधून नळी घातली. पाच दिवस तो आत होता, पाच दिवस बाई बाहेरच्या बाकावर होत्या. तो वाचला, बरा झाला. पण शिडीवर चढलं की छातीवर हात जायचा त्याचा. मग छतं सोडून तो नुसती दारं-खिडक्या रंगवायला लागला.

“तक्रार केली त्यानं?”

“नाही.”

“कुठं कागद आहे काही?”

“नाही.”

“मग कुणाला कळणार आहे, आई?”

“तुला कळलं ना आता.”

सुनेनं मिठाची बरणी पानांवर नीट सरकवली. मग म्हणाली, “पण तुमच्या हातून कशी खोल गेली? तुमचा हात तर…”

“पुढची खोली माझी होती.”

“मी हात कुणाचा विचारतेय.”

बाईंनी पदर सारखा केला. “घड्याळ्याचा.”

घड्याळ्याला सून ओळखत होती; शहरात त्याला कोण ओळखत नव्हतं? पूर्वी तो घड्याळं दुरुस्त करायचा. लोकांनी मनगटं मोकळी ठेवायला सुरुवात केली, तसा तिशीत त्याचा धंदा बसला आणि तो बाईंकडे शिकायला आला. बारीक कामाची बोटं होती, लवकर शिकला. आता बाजारपेठेत त्याचं काचेच्या दाराचं केंद्र होतं, सहा खाटा होत्या, लोक त्याला सर म्हणत होते. परिषदेच्या पहिल्याच यादीत त्याचं नाव लागलं होतं.

“त्यांनी काय लिहिलं असेल सतराव्या रकान्यात?”

“निरंक. आणि खरंच लिहिलं गं. प्रश्न केंद्राचा आहे. त्याचं केंद्र तेव्हा होतंच कुठं?”

“त्यांचं निरंक खरं, आणि तुमचं तेवढं खोटं.”

“लिहिलं तर.”

“मी नाही लिहिणार हे,” सुनेनं पान पुढं सरकवलं. “तुमचं एवढ्या वर्षांचं काम माझ्या अक्षरानं नको बुडायला.”

मग बाईंनी स्वतःच लिहिलं. अक्षर मोठं होतं, रकाना लहान. शेवटचे तीन शब्द समासात गेले.

*

दीड महिन्यानं परिषदेचं बोलावणं आलं. लांब टेबलामागे तीन माणसं होती. मधे साखळीचा चष्मा घातलेल्या अध्यक्षबाई, त्या मोठ्या डॉक्टर होत्या. डावीकडे एक टक्कल पडलेले सदस्य. टोकाला लिहून घेणारा कारकून. सून मागच्या बाकावर बसली होती.

“हे तुम्हीच लिहिलंत?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“हो.”

“कुणी सांगितलं लिहायला?”

“रकान्यात विचारलं होतं.”

कारकुनानं मान खाली घातली आणि खाली घालूनच हसला.

“दोनशे चौदा अर्जांत हा एकच होकार आहे,” अध्यक्षबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, दमलेल्या होत्या. “सुई तुम्ही स्वतः टोचली होती?”

एका वाक्याचं काम होतं. बाईंनी एक नाव घेतलं असतं, तर खोली उघडी राहिली असती, पडदा निळा राहिला असता, सकाळी दाराशी चपलांची रांग लागत राहिली असती.

“रुग्ण माझा होता,” बाई म्हणाल्या. “मी पडद्यापलीकडे दुसऱ्या खाटेशी होते. खांद्याची सुई होती, मी अलीकडे यायला हवं होतं. आले नाही.”

“म्हणजे टोचली दुसऱ्या कुणी?”

“शिकवलं मी होतं.”

“नाव सांगितलंत, तर समितीला वेगळा विचार करता येईल,” टक्कलवाले सदस्य मवाळपणे म्हणाले. “तुमच्याच भल्याचं बोलतोय.”

“तुम्ही केंद्राचं विचारलंत. केंद्राचं मी सांगितलं.”

अध्यक्षबाईंनी पान उलटलं. “घटनेनंतर काय उपाययोजना केलीत?”

“ओळी बांधल्या.”

“कसल्या ओळी?”

“म्हणायच्या. मला नुसतं सांगितलेलं लक्षात राहत नाही, चालीवरचं राहतं. शिकणाऱ्यांचंही तसंच असतं.” आणि बाईंनी खालच्या आवाजात, बाळाला थोपटताना म्हणावं तसं म्हटलं:

“खांद्याच्या खाली गं
वाऱ्याचं आहे घर
तिरपी सुई धर
हळू बाई.”

मग म्हणाल्या, “माझ्याकडे शिकलेलं माणूस खांद्याशी आलं की हे म्हणतंच. मोठ्यानं नाही, तर मनात. एकोणीस वर्षं झाली. पुन्हा तसं झालं नाही.”

कारकुनानं पेन उचललं. “मॅडम, हे कार्यवृत्तात कसं घेऊ?”

“जसं म्हटलं तसं घ्या,” अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला होता. “चार ओळींतच घ्या.”

पण नियम चालीवर चालत नाहीत. पंधरा दिवसांनी पत्र आलं. रुग्ण इस्पितळात दाखल झाल्याची घटना असल्यास अर्जदारानं एक वर्ष नोंदणीकृत व्यावसायिकाच्या देखरेखीखाली काम करावं. तोवर स्वतःचं केंद्र बंद. वर्षाच्या अखेरीस देखरेख करणाऱ्याच्या शेऱ्यावरून नोंदणीचा विचार होईल. आणि शहरात आजवर नोंदणी झालेला माणूस एकच होता.

सुनेनं पत्र दोनदा वाचलं. “म्हणजे तुम्ही त्यांच्या हाताखाली?”

“तसंच दिसतंय.”

“आणि तुमचा हात कसा आहे, ह्याचा शेरा ते देणार?”

बाईंनी पत्राची घडी घातली.

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घड्याळ्या स्वतःच आला. पत्राची प्रत त्यालाही गेली होती. खोलीच्या दारात उभा राहिला. इतक्या वर्षांत त्याच्या कानांवर पांढरं आलं होतं, पण पायातले बूट तो अजून तसेच काढायचा, टाच टाचेनं दाबून.

“बाई, मी उद्या परिषदेत जातो. हात माझा होता म्हणून सांगतो.”

“चहा घेशील ना?”

“बाई…”

“आधी बस तर.”

तो रिकाम्या खाटेच्या कडेला बसला. “मला वाटलं होतं, तुम्ही निरंक लिहाल.”

“मलाही वाटलं होतं,” बाई म्हणाल्या.

सुनेनं चहा आणून ठेवला आणि ती आत न जाता पडद्याशीच उभी राहिली. घड्याळ्यानं कप उचलला नाही.

“मी सांगतो, बाई. माझं काय व्हायचं ते होईल.”

“तुला तुझ्यासाठी सांगायचं असेल, तर जरूर सांग. माझ्यासाठी जाऊ नकोस. उपकाराच्या ओझ्यानं माझा हात जड होईल, आणि जड हातानं सुई धरता येत नाही.”

“पण तुम्ही माझ्या हाताखाली काम करायचं?”

“का? शिकणाऱ्यांवर ओरडतोस का तू?”

“नाही.”

“मी ओरडायचे.”

“माहितीय,” तो म्हणाला. “अजून स्वप्नात येतं.”

“मग झालं तर. आता तुझी पाळी.”

पडद्याशी सून फस्सकन हसली. तो मात्र हसला नाही. कपाकडे बघत म्हणाला, “रंगारी असतो का हो अजून?”

“असतो की. मागच्या गल्लीतलं शिवणाचं दुकान आहे ना, त्याचं दार त्यानंच रंगवलं परवा.”

“मी त्याला कधी भेटलोच नाही. त्यानंतर.”

“माहितीय मला.”

चहावर साय धरली.

“हिरवं दार आहे,” बाई म्हणाल्या. “त्याच्याच माडीवर राहतो तो. मागच्या गल्लीनं गेलास तर वाटेवरच लागतं.”

त्यानं थंड चहा एका घोटात संपवला, बूट घातले आणि निघाला. तो कुठल्या गल्लीनं गेला, हे बघायला सून खिडकीकडे वळली. बाई वळल्या नाहीत. त्यांनी कप उचलून धुवायला नेला.

रविवारी खोली आवरली. चादरी घड्या घालून कपाटात गेल्या. निळा पडदा बाईंनी धुऊन वाळत घातला आणि वाळल्यावर पुन्हा लावला नाही. पाटी सुनेनं उतरवली. बाईंना स्टुलावर चढू दिलं नाही. दुपारभर एकेक माणूस येत राहिलं, दाराशीच थांबून विचारत राहिलं, मग आम्ही कुठं जायचं? बाई प्रत्येकाला बाजारपेठेतला पत्ता सांगत होत्या. “मीही तिथंच आहे,” असं प्रत्येकाला सांगत होत्या, आणि दर वेळी ते जरा सोपं होत होतं.

*

सोमवारी नऊ वाजता काचेचं दार ढकलून बाई आत गेल्या. घड्याळ्याच्या शिकाऊ मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. केंद्रात पांढरा कोट घालावा लागे, आणि बाईंच्या मापाचा कोट नव्हता. जो मिळाला तो गुडघ्याखाली गेला. खिशावर पट्टी होती, ‘देखरेखीखाली’. बाईंनी ती वाचली, पिन नीट लागलीय ना ते बघितलं, आणि हात धुवायला गेल्या.

परिषदेचं घड्याळ्यानं काही सांगितलं नव्हतं. बाईंनीही विचारलं नव्हतं.

पहिल्या खाटेवर एक ट्रकचालक पालथा पडला होता. कंबर धरली होती. त्यानं मान वळवून पाहिलं. “ह्या नवीन का, सर?”

घड्याळ्या तोंड उघडणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, “हो, आजपासूनच. घाबरू नका, सर आहेत इथं.”

“नाही, घाबरायचं काय त्यात,” ट्रकचालक म्हणाला आणि त्यानं गाल उशीवर टेकला.

बाईंनी धुतलेले हात समोर धरले आणि कोटाच्या बाह्या सरसर घसरून बोटांवर आल्या. धुतलेल्या हातांनी कापडाला शिवायचं नसतं, हे त्यांनीच सगळ्यांना शिकवलं होतं. त्या हात तसेच समोर धरून उभ्या राहिल्या. एक मुलगी पुढं झाली. घड्याळ्यानं तिला मानेनंच थांबवलं.

तो स्वतः आला. बाईंच्या हातांना आपली बोटं लागू न देता त्यानं उजवी बाही चिमटीत धरली, एक घडी घातली, दुसरी घातली. मग डावी धरली. चाळीस माणसं बाहेर थांबली होती, मुली बघत होत्या, ट्रकचालक एका डोळ्यानं बघत होता. डाव्या बाहीला त्याच्या बोटांनी जरा वेळ घेतला. ती उजवीपेक्षा थोडी जास्त वर गेली.

बाईंनी ती तशीच राहू दिली. खाटेवर वाकल्या, ट्रकचालकाच्या कमरेवर तळवा ठेवला आणि म्हणाल्या, “श्वास सोडा.”