तौहिदला विचारा

अब्बांना जाऊन सतरा दिवस झाले होते. शहाद्यातल्या त्यांच्या खोगिरांच्या दुकानाचं शटर अर्धं वर करून मी आत लॅपटॉपवर कंपनीचं काम करत होते. प्रोग्रॅममध्ये ‘माप’ नावाचा क्लास लिहिला होता. मापात माप मिळवता येई. टक्का मिळवायला गेलं की माझा कोड एरर फेकून मोकळा होई. पुण्याहून कंपनीतल्या योगेंद्रने कोड तपासून लिहिलं, "एरर फेकू नका, ‘नॉटइम्प्लिमेंटेड’ परत करा. तुमच्या क्लासला ही बेरीज येत नसेल, टक्क्याच्या क्लासला येत असेल. पायथन भाषा स्वतःच त्याला विचारेल. दोघांनाही नाही जमलं, तर एरर पायथनच देईल."

हा मला शिकवणार, म्हणून मी चिडले.

तेवढ्यात सारंगखेड्याचे छगनदादा शटरखालून वाकून आत आले.

"बेटा, मन्हं खोगीर?"

ते ठोकळ्यावरच होतं. एका बाजूची शिवण झालेली, दुसरी तशीच. घोड्यांची यात्रा आठ दिवसांवर होती.

"होणार नाही, दादा. अब्बा गेले."

"ते माले माहीत शे. मी खोगीरनं इचारी ऱ्हायनू."

अब्बा लगाम करत नसत. पण लगाम मागायला आलेल्याला नुसतं ‘नाही’ म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. "मुझसे नहीं होता, तौहिद को पूछो," म्हणत. समोरच्या तौहिदचाचांशी त्यांचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. गिऱ्हाईक मात्र नेमाने तिकडे पाठवत.

"तौहिदचाचांना विचारा," मी म्हटलं.

दादा खोगीर खांद्यावर टाकून रस्त्यापलीकडे गेले. मी माझी एरर खोडली आणि योगेंद्रने सांगितलेलं लिहिलं. चाचांनी हो म्हणावं असं वाटत होतं. म्हणू नये असंही.

थोड्या वेळाने दादा परतले. मागून तौहिदचाचा. अकरा वर्षांत पहिल्यांदा या दुकानात.

"बेटी, लगाम बोलो तो अभी बना दूँ," चाचा खोगिराकडे बघत म्हणाले. "तेरे अब्बा का, शकील का टाका मुझे नहीं आता. झगड़ा उसी का तो था."

दोन्हीकडे विचारून झालं होतं.

"होणार नाही, दादा," मी म्हटलं. शब्द तेच होते.

छगनदादांनी खोगीर सावकाश ठोकळ्यावर ठेवलं.

"ऱ्हाऊ दे आठेच. दोन्हीकडे इचारी तं लिधं ना. मी उघड्या पाठवर बससू. घोडीले बरंच वाटी."