सूज कुठून उठते

सत्यवतीने किशोरीला दंडाला धरून दवाखान्याची शेवटची पायरी चढवली आणि कागदांची पिशवी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर उपडी केली.

"यात काय तरी लागलंच पायजे, बाई. टीबी म्हना, संधिवात म्हना. नाव सांगा, मी दवा करते."

दीड वर्षाचे रिपोर्ट होते ते. रक्तातल्या सुजेचा आकडा दर वेळी चढलेला, जंतू मात्र एकाही तपासणीत नाही. एकोणीस वर्षांची पोर, वजन एकशे आठ किलो. अंग ठणकायचं, चार पावलांत धाप लागायची. पनवेलच्या बाजारात सत्यवती मासळी विकायला बसली की बायका विचारत, पोरगी खाते तरी काय? नवस झाले, अंगारे झाले. परवा किशोरी मोरीत कोसळली.

डॉक्टरीणबाईंनी सगळे कागद शांतपणे वाचले.

"जंतू नाहीच. चरबीच्या पेशी फार फुगल्यात. त्या मानाने रक्त पोचत नाही, मग पेशींना प्राणवायू कमी पडतो. जखम झाल्यासारखं शरीर तिथे धावून जातं. सूज बहुधा तिथूनच उठते आणि अंगभर पसरते."

"म्हणजे माझं दुखणं खरं आहे?" किशोरीने विचारलं.

"खरं आहे."

किशोरीने डोळे पुसले. सत्यवतीने तिच्याकडे पाहायचं टाळलं. दीड वर्ष ती पोरीला आळशी म्हणत आली होती.

"मंग आता काय करू, बाई? मी हरले."

"वजन सावकाश उतरवायचं, सूजही उतरेल. पण उपाशी ठेवून नाही. परवाच्या कागदावर लिहिलंय, चार दिवस नुसत्या पाण्यावर होती ही. कोणी ठेवलं?"

सत्यवती टेबलावरचे कागद गोळा करू लागली. तिसऱ्या दिवशी पोरीने मूठभर भात मागितला होता, तेव्हा स्वयंपाकघराला कुलूप लावून तिने पाठ फिरवली होती.

"मीच राहिले," किशोरी म्हणाली. "आय नको म्हणत होती."

डॉक्टरीणबाई लिहू लागल्या. सत्यवतीने कमरेची स्वयंपाकघराची किल्ली सोडवली आणि लेकीसमोर टेबलावर ठेवली.

किशोरीने ती उचलली नाही.