धसईला येणारी पत्रं

जयाचे कान ती सहावीत असताना गेले. मेंदूज्वरातून पोर वाचली, हेच नशीब म्हणून सापगावात सगळ्यांनी देवाला हात जोडले. बोलणं शाबूत होतं, पण समोरच्याचं बोलणं ओठांवरून उचलावं लागे आणि त्यात निम्मं निसटून जाई. तेव्हापासून तिचा भाऊ ज्ञानेश्वर तिच्याशी पाटीवर लिहून बोलायचा. भांडायचासुद्धा पाटीवरच.

पंच्याण्णव साली लग्न होऊन ती मुरबाड तालुक्यात धसईला आली आणि पाटीच्या जागी निळं आंतर्देशीय पत्र आलं. ज्ञानेश्वर शहापूरच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात कामाला होता. दर सोमवारी तो पत्र टाकी. भातसा नदीच्या पुलावर कुणाचा बैल बुजला, आईने लोणच्यात मीठ कसं दोनदा घातलं, असलं काहीबाही त्यात दाटीवाटीने लिहिलेलं असे. जया ते मोठ्याने वाची. सासू हिराबाई तांदूळ निवडत ऐके आणि मधेच तिचा दंड हलवून विचारी, "मंग? बैल सापडला का नाय?"

दोन हजार एक साली दोन्ही घरी फोन आले. ज्ञानेश्वर दर रविवारी फोन करू लागला, म्हणून पत्रं महिन्याला एक झाली, मग बंदच झाली. फोन वाजला हे जयाला नवरा उठला की कळे. शेखर दहा मिनिटं बोले, हसे, मान डोलावी. जया शेजारी उभी राहून त्याचा चेहरा बघत राही. फोन ठेवून तो म्हणे, "सगळी मजेत हायत." दहा मिनिटांचे तीन शब्द. शेखर वाईट नव्हता. मुरबाडच्या कारखान्यातून दमून आलेला माणूस, त्याला तेवढंच लक्षात राही.

पुढच्या उन्हाळ्यात ती चुलतबहिणीच्या लग्नाला सापगावला गेली तेव्हा आईच्या डोळ्यांवर जाड काळा चष्मा दिसला. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता.

"फोनवर सांगितलं होतं की," ज्ञानेश्वर ओशाळून म्हणाला.

"मला कुणी सांगितलं?" जया म्हणाली. तिचा आवाज मांडवात जरा जास्तच मोठा झाला.

धसईला परतल्यावर तिने तक्रार केली नाही. पण हिराबाईने विचारलं, "आई बरी हाय ना गो?" तेव्हा सांगता सांगता तिला रडू फुटलं. हिराबाईने पदराने तिचे डोळे पुसले, शेखरकडे एकदा रोखून पाहिलं आणि पुन्हा कामाला लागली.

पुढच्या आठवड्यात पोस्टमनने दारात निळं पत्र ठेवलं. जयाने ओल्या हातांनीच ते फोडलं.

"जयू," ज्ञानेश्वरने लिहिलं होतं, "मंगळवारी तू पाण्याला गेली असताना तुझ्या सासूबाईंनी शेखररावांना माझा नंबर लावायला लावला. मला वाटलं, काही वाईट बातमी आहे. तर त्या म्हणाल्या, तुझा फोन माझ्या घरात येतो रे, माझ्या सुनेपरयंत नाय येत. ती खांबासारखी उभी राहते बाजूला. लिहायला तुझा हात दुखतो का? मी नुसता हो हो करत होतो. जयू, मीच पाटीवर बोलायचो तुझ्याशी आणि मीच विसरलो. आता आईच्या डोळ्याचं पहिल्यापासून सांगतो."

इथवर मोठ्याने वाचून जया थांबली. हिराबाई खाली मान घालून सुपातले खडे शोधत होती.

"आई, तुमी बोललात त्याला? मला सांगितलं पण नाय."

हिराबाईने तोंड वर केलं, जयाला ओठ दिसावेत म्हणून. "सांगितलं असतं तर नको म्हणाली असतीस."

खरंच म्हणाली असती. जयाने सासूचा खरखरीत हात दोन्ही हातांत धरला. हिराबाईला असल्याची सवय नव्हती. "पुढचं वाच," ती म्हणाली, "डोळ्याचं काय झालं ते कळू दे."

दुपारी जयाने शेखरला पोस्टात पाठवून आंतर्देशीय मागवलं. त्याने न सांगता पाच आणली. "सांगायचं राहून गेलं गो माझ्याकडून," तो तिच्या समोर बसून सावकाश म्हणाला. तिने मान हलवली.

मग तिने लिहायला घेतलं. आधी आईची चौकशी, भाताच्या रोपांसाठी भाजलेल्या राबाची हकीकत, आणि उरलेली दोन्ही पानं हिराबाई. या घरात आल्यापासून एकदाही 'बहिरी' हा शब्द तिने कसा तोंडी आणला नाही, शेजारणीने उच्चारला तर तिला दारातून कशी परतवून लावली, ते सगळं. लिहिता लिहिता अक्षर बारीक होत गेलं, तरी जागा पुरेना.

"काय लिवलंस? वाच की," हिराबाई म्हणाली.

जयाने राबापर्यंत वाचलं.

"एवढंच? मंग एवढा वेळ काय करत होतीस?"

"एवढंच," जया म्हणाली आणि भाताचं शीत लावून तिने पत्राची कड दाबून चिकटवली.