नवरीच्या पसंतीचं फेरेट

हेस्टर रेनचं लग्न अकराला होतं आणि नवरी घरात नव्हती.

तिची भावजय डोरा दारातच उभी होती. एका हातात केसांच्या पिना, दुसऱ्या हातात इस्त्री केलेला झगा.

"एल्सी, तू तिची मैत्रीण ना? मग शोधून आण तिला. आधी शेडमधला फेरेटांचा पिंजरा बघ. रिकामा असला तर मला सांगायलाही येऊ नकोस, सरळ बांधावर जा."

पिंजरा रिकामा होता.

आमच्या खोऱ्यात मांजर नसलेलं घर सापडेल, पण फेरेट नसलेलं घर शोधावं लागेल. मुंगसासारखं लांबट, माणसाळलेलं जनावर. बिळात सोडलं की ससे बाहेर पळतात आणि तोंडाशी लावलेल्या जाळ्यात अडकतात. हेस्टर आणि तिचा भाऊ सेप यांचं शेत जिथे संपतं आणि नवरदेव विल्फ पेअर्टचं सुरू होतं, तिथल्या मातीच्या बांधात सशांनी पार गाव वसवलंय. बिळं इकडून तिकडे आरपार. वर डोक्याच्याही वर गेलेलं, काटेरी पानांच्या हॉलीचं कुंपण, जानेवारीतसुद्धा हिरवंगार आणि इतकं दाट, की पलीकडचा माणूस खोकला तरच कळतो.

हेस्टर बांधापाशी गुडघ्यांवर बसून जाळ्या लावत होती. अंगात सेपचा फाटका कोट, पायात गमबूट आणि डोक्यावर गुलाबी कर्लरची रांग.

"अगं, चोपन्न वर्षं थांबलीस लग्नाला, आजचा एक दिवस ससे थांबले नसते?"

"श्श! हळू बोल, ऐकतील ते," हेस्टर म्हणाली. "घरात बसवेना गं. आरशात बघितलं की नुसतं हसू येतंय. म्हटलं, एवढ्या एका बांधातले ससे काढून येऊ, म्हणजे जिवाला जरा बरं वाटेल."

तेवढ्यात कुंपणापलीकडून खोकल्याचा आवाज आला.

"कोण आहे तिकडे?"

हेस्टरने दोन्ही हातांनी कर्लर झाकले. "विल्फ! बघू नकोस हं! लग्नाआधी नवरीचं तोंड बघितलं की वाटोळं होतं!"

"मला पानं दिसतायत नुसती. तू काय करतेयस तिथे?"

"तू काय करतोयस?"

पलीकडे पुन्हा एकदा खोकल्याचा आवाज. मग विल्फ म्हणाला, "जाळ्या लावतोय."

त्यावर हेस्टर जी हसायला लागली, ती मातीत आडवीच झाली. पलीकडून विल्फचंही घोड्यासारखं खिंकाळणं ऐकू यायला लागलं. मी डोराचा निरोप सांगायला तोंड उघडलं, तर हेस्टरने माझ्या हातात एक जाळी कोंबली. "ते टोकाचं बीळ धर. आरपार बिळांना दोन्हीकडून माणसं लागतात. आता आलीच आहेस तर."

तिने खिशातून पिनला काढलं. पिन म्हणजे तिची लाडकी मादी. इतकी बारकी, की कोटाच्या बाहीतून शिरून कॉलरमधून बाहेर यायची. "लहानच हवी," असं हेस्टरचं पहिल्यापासून म्हणणं. "जाळीच्या छिद्रातून अलगद निघते, गुंतत नाही, ससा बिळातच मारून त्याच्यावर झोपत नाही." पिन आत गेली. आम्ही श्वास धरून बसलो. बऱ्याच वेळाने ती तशीच बाहेर आली, नखांत सशाचे केस अडकलेले. हेस्टरने तसं विल्फला सांगितलं.

"आत पाठ करून बसलाय बेटा," विल्फ पलीकडून म्हणाला. "हिला ढकलवत नाहीये."

"मी काय सांगत होतो?" मागून सेप आला. लग्नाचा काळा सूट, कोटाला फूल, आणि काखेत त्याचा बिशप. बिशप हा मांजराएवढा नर. सेप त्याला रोज रात्री दुधात अंडं फेटून घालायचा. "ताकद लागते, ताकद! आम्हा भावाबहिणींत दहा वर्षं हेच चाललंय, एल्सी. आज होऊन जाऊ दे निकाल."

"सेप, खबरदार सोडलंस तर! त्याचं पोट बघ. आपल्या सोफ्याखालीसुद्धा मावत नाही तो!"

सेपने तोवर सोडला होता.

बिशप कसाबसा आत घुसला. शेपूट दिसेनाशी झाली. मग काहीच नाही. मी जमिनीला कान लावला. आतून खरवडल्यासारखा आवाज येत होता आणि मधूनच रागाचं फुसफुसणं.

"अडकला," मी म्हटलं.

"विश्रांती घेतोय," सेप म्हणाला. पण त्याचा चेहरा पडला होता.

जनावर जमिनीत टाकून आमच्याकडे कुणी घरी जात नाही, मग लग्न असो की मयत. हेस्टरने फावडं घेतलं. विल्फ म्हणाला, आवाज माझ्या बाजूला जवळ वाटतोय, मीही खणतो. दोघं दोन्हीकडून खणायला लागले. सेप सूटची काळजी करत मध्येच नाचत होता. "सांभाळून! त्याच्या डोक्यात फावडं घालाल!" शेवटी हेस्टरने फावडं टाकलं, आडवी झाली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.

"काहीतरी लागलं!" ती ओरडली. "गरम आहे!"

"मलाही लागलंय," विल्फ म्हणाला. "हेस्टर, हा तुझा हात की बिशप?"

"चावला का?"

"नाही."

"मग मीच."

बांधाच्या पोटात दोघांचे हात एकमेकांत अडकले आणि कुणी सोडायचं नावच घेईना. हेस्टरचा गाल मातीत, कर्लर सुटलेला, आणि चेहऱ्यावर असं हसू, की मला उगाच दुसरीकडे बघावंसं वाटलं. सेप मात्र ओरडला, "अरे, माझा बिशप कुठाय?"

बिशप त्यांच्या हातांच्या वरच एका मुळाखाली बसला होता. विल्फने त्याला मानेला धरून उपसलं आणि भोकातून अलीकडे ढकललं. सेपने चिखलासकट छातीशी धरला. सूटची वाट लागली.

"थांबा," विल्फ म्हणाला. "भोक पडलंच आहे तर आणखी एक देतो. लग्नानंतर देणार होतो. आज शेवटचं एकदा चालवून बघायला आणली होती."

भोकातून एक लाकडी पेटी सरकत आली. आत तपकिरी मादी, ना लहान, ना मोठी.

"दहा वर्षं तुमचं भांडण ऐकतोय," विल्फ सांगत होता. "पिल्लू बघून माप कळत नाही. म्हणून आईबाप दोन्ही बघितले, मग घेतली. ससा हलवेल एवढी दणकट आहे, आणि जाळीतून निघेल एवढी सडपातळ. निघते की नाही, तूच बघ."

हेस्टरने तिला उचललं. खांद्यांवरून, बरगड्यांवरून बोटं फिरवली. मग एक जाळी ताणून धरली. मादीने नाक घातलं, खांदे घातले, क्षणभर विचार केला आणि लोण्यातून सुरी जावी तशी पलीकडे गेली.

"अगंबाई," हेस्टर इतकंच म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

खाली गावात चर्चची घंटा वाजायला लागली.

"हेस्टर, चल!" मी तिची बाही ओढली.

"पाचच मिनिटं."

सेपचा लग्नाचा कोट कोंबून खणलेलं भोक बुजवलं (सूट तसाही गेलाच होता) आणि मादी आत सोडली. बांधाच्या पोटात धडधड झाली. आणि मग काय सांगू! माझ्यासमोरची जाळी एकदम उडाली, आत ससा. तो सोडवेपर्यंत हेस्टरची उडाली. पलीकडे विल्फ ओरडला, "एक! अरे, दुसरा!" मी एका सशावर पडले, सेप दुसऱ्यावर, हेस्टर एकाच गमबुटावर तिसऱ्याच्या मागे, दुसरा गमबूट चिखलात उभा. सगळे मोठ्याने हसत होतो, का ते कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी मादी एका बिळाच्या तोंडाशी आली, रिकाम्या जाळीतून अलगद निघाली आणि हेस्टरच्या मांडीवर चढून जांभई दिली.

डोराने आम्हाला दारात बघितलं आणि हातातल्या पिना दातांत धरल्या. तेवढंच बरं झालं. झगा डोक्यावरून घातला, मानेवरचा चिखल पुसला. नखांतला काही निघेना.

चर्चमध्ये विल्फ उभा होता, कानामागे हॉलीचं पान. हेस्टरला बघून त्याने ओठ घट्ट मिटले. पाद्रींनी हातात हात द्यायला सांगितलं. दोघांनी दिले, एकमेकांच्या नखांकडे बघितलं, आणि हेस्टर फसकन हसली. मग विल्फ. मग मी. पाद्री बिचारे थांबले, चष्मा पुसला, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबले.

"कसला वास येतोय हा?" पुढच्या बाकावरची म्हातारी मोठ्याने म्हणाली.

तिसऱ्यांदा मात्र लग्न लागलं.

संध्याकाळी हॉलमध्ये अकॉर्डियन वाजत होता. सेप उसन्या कोटात प्रत्येकाला धरून पटवत होता, "बिशपने आधी आत जाऊन ससे घाबरवून ठेवले, म्हणून नव्या मादीचं जमलं. नुसत्या मध्यम मापाने काही होत नसतं." नवरीने ते ऐकलं नाही. ती बूट काढून नाचत होती.